मीटर कुणाच्या नावावर?

(महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'वीज' असं लिहिलेलं बघून तुमच्यातल्या दोघीतिघींनी मला सकाळीच विचारलं, हा बायकांचा विषय कसा काय? हुंडा, मारझोड, पोटगी, रेशन, रोजगार हमी हे आपले विषय. वीज म्हणजे वायरमनचा, नाहीतर इंजिनियरचा विषय. मीही इंजिनियर नाही. एम.एस.डब्ल्यू. करून गेली दहा-बारा वर्षं गावांत आणि वस्त्यांवर काम करते. पण माझ्या वहीत बायकांच्या ज्या तक्रारी लिहिलेल्या आहेत, त्यातल्या कितीतरी फिरून फिरून विजेपाशीच येतात.

एका गावात ग्रामपंचायतीनं नळयोजनेच्या पंपाचं बिल थकवलं. वीज कार्यालयानं जोडणी तोडली. थकवलं पंचायतीनं, तोडली कार्यालयानं, आणि हंडा आला बायकांच्या डोक्यावर. ज्यांनी थकवलं त्यांच्या घरी बोअर होती, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या गावात डीपी जळाली. महिना होत आला तरी नवी येईना. गिरणी बंद, म्हणून बाया दळण डोक्यावर घेऊन पुढल्या गावाला. शेतीपंपाला एक आठवडा दिवसाची वीज आणि एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीला नवरा दारं धरायला जातो, आणि बॅटरी धरायला बाई मागे उभी असते. साप, बिबट्या, थंडी सगळं तिच्याही वाट्याला, पण 'शेतकऱ्यांचे रात्रीचे हाल' असं छापून येतं तेव्हा त्या फोटोत ती नसते.

आणि एक बाई होती, विधवा, शिवणकाम करणारी. मीटर बंद, तरी महिन्यामागून महिना अंदाजानं सरासरी बिल येत होतं. आम्ही दोघी तक्रार घेऊन कार्यालयात गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, मीटर कुणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. मग त्यांची सही आणा. सासरे वारून नऊ वर्षं झाली होती. बिल भरणारी समोर उभी होती, पण कागदावर ग्राहक होता तो मेलेला माणूस.

तेव्हा हा विषय आपला आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. कोकणातल्या बायकांनी तर ते केव्हाच ठरवलं होतं. १९९०च्या दशकात गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आला, त्याच्या विरोधात ज्या लढल्या त्यात मच्छीमार बाया मोठ्या संख्येनं होत्या. १९९७ च्या जूनमध्ये पहाटेच्या वेळी पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली, अटक झाली. त्या प्रकल्पाची वीज इतकी महाग पडली की २००१ साली वीज मंडळाला ती घेणं बंद करावं लागलं. बायका म्हणत होत्या ते खरं ठरलं, पण करार करताना त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं.

विचारायला जायला लागेल अशी व्यवस्था कुठे असते का, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. वीज दोन प्रकारच्या लोकांच्या हातात असलेली आपण पाहिली आहे, एक सरकार आणि दुसरा कंपनीवाला. तिसराही प्रकार आहे. गावाची किंवा तालुक्याची वीज त्या गावाच्या, तालुक्याच्या लोकांच्याच मालकीची असणं. दूध संघ असतो तसा वीज संघ. तो घाऊक दरानं वीज विकत घेतो, खांब-तारा-डीपी त्याच्या स्वतःच्या असतात, घरोघर वीज पोचवतो, बिल घेतो. ज्याच्या घरी मीटर तो सभासद. सभासद संचालक निवडतात. वर्षाकाठी शिल्लक राहिली तर ती दूरच्या भागधारकाच्या खिशात जात नाही. तिच्यातून तारा दुरुस्त होतात, दर कमी ठेवता येतो.

याचा मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेत, म्हणजे जिथे सगळं खासगी असतं असं आपल्याला सांगतात तिथेच. १९३५ साली तिथल्या दर दहा शेतकरी कुटुंबांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. शहरं झगमगत होती, पण कंपन्या खेड्यात तार टाकायला तयार नव्हत्या. मैलभर तारेवर दोनच घरं मिळणार, परवडत नाही, हे त्यांचं उत्तर. त्या वर्षी सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं. त्यानं लांब मुदतीचं, कमी व्याजाचं कर्ज द्यायला सुरुवात केली. ते घ्यायला मुख्यतः पुढे आल्या त्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था.

टेक्सासमधल्या डोंगराळ भागाची गोष्ट घ्या. रॉबर्ट कॅरो या लेखकानं लिंडन जॉन्सन या राष्ट्राध्यक्षाचं चरित्र लिहिलं, त्यात या भागातल्या बायकांच्या कामावर एक पूर्ण प्रकरण आहे. राजकारण्याच्या चरित्रात धुण्याभांड्यावर प्रकरण! विहिरीतून पाणी ओढून, खांद्यावर जोखड घेऊन घरी आणायचं. धुणं अंगणात, चुलाण्यावर पाणी उकळवून. इस्त्री तीन-तीन किलोची, चुलीवर तापवायची, तीही टेक्सासच्या उन्हाळ्यात. तिशी-पस्तिशीत बायका पाठीतून वाकत. आपल्याला हे परकं वाटणार नाही.

कंपनी यायला तयार नव्हती, म्हणून १९३८ साली तिथे पेडर्नेलिस नावाची सहकारी संस्था उभी राहिली. पाच डॉलर भरून सभासद व्हायचं. त्या काळात पाच डॉलर ही शेतकऱ्याच्या घरात मोठी रक्कम होती, आणि वीज खरोखर येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. सरकारी खात्याचीही अट होती, मैलामागे निदान तीन घरं. इथे तेवढीही नव्हती. तो नियम शिथिल करून कर्ज मिळालं. सुमारे १,८३० मैल तार टाकून सुमारे २,९०० कुटुंबांना वीज द्यायची. मैलाला दोन घरंसुद्धा नाहीत! कंपनीच्या हिशोबात हे कधीच बसलं नसतं, कारण तिचा हिशोब मैलामागे किती मिळकत असा असतो. संस्थेला आपला खर्च भागला की पुरे. कर्ज फेडायला वेळ होता, नफा कुणाला द्यायचा नव्हता. सुरुवातीच्या काळात अशा कित्येक संस्थांत सभासद स्वतःच मीटर वाचून आकडा कळवत, म्हणजे तोही खर्च वाचे. आज अमेरिकेत अशा सुमारे ९०० सहकारी वीज संस्था आहेत आणि चार कोटींहून जास्त लोकांच्या घरी त्यांची वीज जाते.

पण या गोष्टीचा पुढचा भागही सांगते, कारण सहकार म्हटलं की आपल्या अंगावर शहारे येतात ते काही उगाच नाही. हीच पेडर्नेलिस संस्था पुढे प्रचंड मोठी झाली आणि तिचे संचालक वर्षानुवर्षं तेच ते राहिले. उमेदवार कोण हे तेच ठरवत. त्यांच्या भत्त्यांचा आणि चैनीचा बोभाटा झाला तेव्हा २००७ साली सभासदांनीच दावा लावला. त्यानंतर सभा खुल्या झाल्या, निवडणूक खऱ्या अर्थानं होऊ लागली, आणि जुन्या सरव्यवस्थापकाला २०१० साली कोर्टानं दोषी ठरवलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते इतकंच की दावा लावणारे मालक होते. कंपनीच्या ग्राहकाला दुकान बदलता येईल, तेही दुसरं दुकान असलं तर. सभासदाला हिशोब मागता येतो.

आता आपल्याकडे येऊ. हा अमेरिकेतला नमुना १९६९ च्या सुमारास भारतात आला. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ त्याच वर्षी स्थापन झालं, आणि अमेरिकी सहकारी वीज संस्थांच्या सल्ल्यानं देशात पाच ठिकाणी प्रयोग सुरू झाले. गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सिरसिल्ला, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातलं हुकेरी, आणि आपल्या नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा.

मुळा-प्रवराचं नाव तुमच्यातल्या काहीजणींनी ऐकलं असेल. श्रीरामपूर-राहुरीच्या भागात, उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या मुलखात, चाळीस वर्षं सहकारी संस्थेची वीज होती. पंपांना जोडण्या झपाट्यानं मिळाल्या, वायरमन गावातला असे, तक्रार करायला मुंबईपर्यंत जावं लागत नसे. मग संस्था का बुडाली? घाऊक विजेचा दर किती, शेतीच्या सवलतीचं अनुदान कुणी किती द्यायचं, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. गळती आणि चोरी होती, वसुली नव्हती. पुरवठादाराची थकबाकी डोंगराएवढी साचली. २०११ च्या सुरुवातीला परवान्याची मुदत संपली आणि नियामक आयोगानं तो भाग सरकारी वितरण कंपनीकडे दिला. कुणी म्हणतं संस्थेला मुद्दाम मारलं, कुणी म्हणतं पुढाऱ्यांनी खाल्लं. माझं मत विचाराल तर, जिथे साखर कारखाना, बँक, दूध संघ आणि वीज संस्था एकाच वाड्यातून चालतात, तिथे सभासद सर्वसाधारण सभेत जेवायला जातो, हिशोब विचारायला जात नाही.

सिरसिल्लाची संस्था मात्र अजून चालते. ते गाव आपल्याला परकं नाही. भिवंडी-सोलापूरच्या मागांवर काम करणारी कितीतरी पद्मशाली कुटुंबं मूळची त्याच बाजूची. पुरुष यंत्रमागावर, बाया घरोघर विड्या वळणाऱ्या, असा तो भाग. मागाला वीज नसेल तर त्या दिवशी चूल पेटत नाही, त्यामुळे वीज संस्थेत काय चाललंय याकडे लोकांचं लक्ष असतं. तिथेही सगळं स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. २०२२ च्या डिसेंबरात तिथे संचालकांची निवडणूक झाली ती राजकीय पक्षांनी विधानसभेसारखीच लढवली. पण जिची निवडणूक लढवावीशी वाटते त्या संस्थेत निदान मताला किंमत आहे. आपल्या वीज कार्यालयात कुणी मत मागायला येत नाही.

मत कुणाचं, हा माझा खरा मुद्दा आहे. इथे जरा थांबून ऐका.

या सगळ्या संस्थांत सभासद म्हणजे ज्याच्या नावावर जोडणी तो. आणि जोडणी ज्याच्या नावावर घर, शेत, नाहीतर विहीर त्याच्या. म्हणजे पुरुषाच्या. लोकांच्या मालकीची वीज म्हणतो, पण त्यातले अर्धे लोक यादीतच नाहीत. पंप दिवसा चालावा की रात्री, आधी गावठाणाची डीपी बदलावी की पंपांची, दळणाच्या वेळी वीज घालवावी का, हे निर्णय सभासदांच्या सभेत होतील. आणि ज्यांचं पाणी, दळण, अंधारातली वाट या निर्णयांवर अवलंबून आहे त्या घरी भाकरी थापत असतील.

आपल्या सहकार कायद्यात एक शब्द आहे, 'सहयोगी सभासद'. भाग दोघांच्या नावावर असेल, तर भागपत्रावर ज्याचं नाव पहिलं नाही तो सहयोगी. पहिलं नाव असलेला हजर असला तर मत त्याचं. दुसऱ्या नावाला संधी त्याच्या गैरहजेरीत. दोघांच्या नावावर घर केलं, कर्ज काढलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिलं नाव कुणाचं घातलंय ते आठवून बघा. संचालक मंडळावर स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत हे खरं. पण सभासदांच्या यादीतच बाया नसतील तर त्या दोन जागांवर कुणाच्या सुना आणि कुणाच्या बायका बसतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. सातबाऱ्यावर नाव लागलं. मीटरवर नाव लावायची मोहीम मात्र कुणी काढल्याचं मी पाहिलं नाही.

बाया मालक झाल्या तर काय होतं? याचं उत्तर मला सापडतं ते जर्मनीतल्या शोनाऊ नावाच्या गावात. दक्षिणेकडच्या जंगली डोंगरातलं, अडीच हजार वस्तीचं गाव. आपल्याकडचं एखादं मध्यम खेडं. १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. विषारी ढग जर्मनीवर आले. मुलांना मातीत खेळू द्यावं का, दूध-भाजी द्यावी का, हे प्रश्न आयांपुढे उभे राहिले. उर्सुला स्लाडेक ही पाच मुलांची आई, पेशानं शिक्षिका. तिनं, तिच्या डॉक्टर नवऱ्यानं आणि गावातल्या काही आईबापांनी गट केला. आधी नुसतं वीज वाचवायच्या स्पर्धा घेतल्या. मग वीज कंपनीला म्हणाले, अणुवीज नको, आणि जो वीज वाचवेल त्याला बक्षीस मिळेल असे दर ठेवा. कंपनीनं ऐकलं नाही. का ऐकेल? ती वीज विकायला बसलेली.

मग त्यांनी ठरवलं, गावच्या ताराच विकत घ्यायच्या. त्या वेळी जर्मनीत कंपनीला गावात तारा ठेवायला नगरपालिकेबरोबर वीस वर्षांचा करार करावा लागे. तो १९९४ मध्ये संपणार होता. कंपनीनं नगरपालिकेला सांगितलं, आत्ताच नवा करार करा, एक लाख मार्क देतो. या गटानं घरोघर जाऊन तेवढीच रक्कम जमा करायची तयारी केली आणि म्हणाले, आम्ही देतो, करार करू नका. नगरपालिकेनं तरी कंपनीच्या बाजूनं मत दिलं. तेव्हा १९९१ साली त्यांनी गावात सार्वमत घ्यायला लावलं आणि जिंकलं. १९९६ साली दुसरं सार्वमत विरोधकांनी आणलं, तेही थोडक्यात जिंकलं. मग कंपनीनं तारांची किंमत सांगितली ८७ लाख मार्क! गटाच्या तज्ज्ञांनी काढलेली किंमत याच्या निम्म्याहून कमी होती. त्यांनी देशभर वर्गणी मागितली, काही पैसे भरले आणि मग कोर्टात भांडले. जास्त घेतलेले पैसे पुढे परत मिळाले. १ जुलै १९९७ रोजी गावच्या तारा गावच्या झाल्या. आज ती संस्था सहकारी आहे आणि तिचे ग्राहक देशभर दोन लाखांच्या वर आहेत. उर्सुला स्लाडेकला २०११ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

जर्मनी श्रीमंत देश आहे, तिथल्या आईकडे वेळ आणि बँकेत पैसे होते, हे मला मान्य आहे. पण त्यांनी जे केलं त्यातली बरीच कामं आपल्या ओळखीची आहेत. दारोदार जाणं, दहा-दहा रुपये गोळा करणं, ग्रामसभेत हात वर करायला लावणं. आपण दारूबंदीसाठी आडवी बाटली केलीच की. तेही मतदानच होतं.

तुम्ही विचाराल, आपल्याकडे आता हे करता येईल का? कायदा आड येत नाही. २००३ च्या वीज कायद्यात, ग्रामीण भागातली वितरणाची व्यवस्था पंचायती, वापरणाऱ्यांचे संघ, सहकारी संस्था यांच्याकडे देण्याचं धोरण करावं असं पाचव्या कलमात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे म्हणजे कुणी देईल असं नाही. तालुकाभर तारा घेऊन चालवायच्या तर मुळा-प्रवराचा अनुभव आधी पचवावा लागेल. लहान प्रमाणात मात्र झालेलं आहे. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली सुमारे चाळीस घरांसाठी सौर विजेची छोटी यंत्रणा बसली. देखभाल आणि पैसे गोळा करणं गावच्या ट्रस्टकडे. घराघराला मीटर, वापरलं तेवढ्याचे पैसे. उपकरणं बाहेरच्या देणगीतून आली, पण बॅटऱ्या बदलायची वेळ येईल तेव्हा पैसे हवेत म्हणून दरमहा पैसे घेण्याचं ठरलं. फुकट मिळालेल्या किती सौर दिव्यांचे नुसते खांब आपल्या वस्त्यांत उभे आहेत ते आठवा, म्हणजे या एका गोष्टीचं मोल कळेल.

दर ठरवताना वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. त्यात कुणालाही हरकत नोंदवता येते. उद्योगवाल्यांचे वकील येतात, यंत्रमागवाले येतात, शेतकरी संघटना येतात, पुण्याच्या प्रयाससारखे अभ्यासगट आकडेवारी घेऊन येतात. नळयोजनेची वीज तोडू नका, रात्रीच्या पाळीत बाईही शेतात असते, हे सांगायला महिला मंडळ गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. साध्या मराठीत अर्ज चालतो.

आता कामाचं बोलते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या वस्तीतली दहा घरांची विजेची बिलं आणायची. नुसती झेरॉक्स चालेल. प्रत्येक बिलावर नाव कुणाचं, तो माणूस हयात आहे का, बिलाचे पैसे खरोखर कोण भरतं, आणि गेल्या वर्षात त्या घरची वीज किती वेळा तोडली, एवढं मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून आणा. नाव बदलायचा अर्ज कसा भरायचा तो मी नमुना घेऊन येते. घर ज्याच्या नावावर आहे त्याची संमती लागते, ती मिळवायला काय काय ऐकून घ्यावं लागेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यावरही त्याच बैठकीत बोलू. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागे बसलेल्या बायांनी आधी विचारावं.